आंब्याची ओली फांदी मिळाली आहे, पळी कोरायची आहे. हत्यार कुठलं, आणि तडे कसे टाळायचे?

मृणाल_सहकारनगर

मंडळी, नमस्कार. आमच्या सोसायटीतल्या जुन्या आंब्याची एक मोठी फांदी वळवाच्या वादळात पडली. महापालिकेची माणसं तुकडे करून बरंचसं घेऊन गेली, पण सेक्रेटरींना विचारून मी काही ओंडके मागून घेतले आणि बाल्कनीत ठेवलेत. जाडी १२-१३ सेंटिमीटर, लांबी हातभर. आता दोन्ही टोकांना बारीक चिरा दिसायला लागल्यात आणि माझा जीव खालीवर होतोय.

मला रोज वापरायच्या वस्तू करायच्या आहेत, शोकेसमध्ये मांडायच्या नाहीत. आमटीची पळी, पिठलं हलवायला चाटू, जमलंच तर भाताचा डाव. व्हिडिओ बघून बघून डोकं भणाणलंय. त्यातले सगळे बर्च नावाचं लाकूड घेतात, ते इथे मिळायचं नाही. आणि वाकड्या पात्याचा चाकू वापरतात, तो मिळतो, पण किंमत बघून मी ते पान बंद केलं. त्याला काही पर्याय आहे का?

तेलाबद्दल घरात तीन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात शेंगदाण्याचं लाव. नवरा म्हणतो हार्डवेअरच्या दुकानातलं लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल, आण. बाबांचं मत, सरळ पॉलिश मार आणि मोकळी हो.

हाताशी छोटी कुऱ्हाड, करवत आणि एक साधा पण बरा चाकू आहे. सुतारकामाचा अनुभव नाही.

पेठेतला_भाडेकरू

ताई, तुळशीबागेत जा. रव्या, लाटणी, पळ्या, चमचे ढिगानं पडलेले असतात. एवढ्या खटाटोपात चार पिढ्यांना पुरतील इतक्या पळ्या येतील. ओंडके कुणाच्या तरी बंबात घाला.

मृणाल_सहकारनगर

@पेठेतला_भाडेकरू, तुळशीबाग पालथी घालून झालीय. मी डावखुरी आहे. तिरक्या कडेचा जो जो चाटू मिळतो तो उजव्या हाताचा असतो. माझ्या हातात त्याचा फक्त एक कोपरा कढईला टेकतो, बाकीचं पिठलं खाली लागतं. तुमच्या पेठेत डावा मिळत असेल तर दुकान सांगा, उद्या येते. आणि बंब अजून कुणाकडे पेटतो तेही सांगा.

साचेवाला

मृणालताई, आधी उठा आणि ओंडक्यांच्या दोन्ही टोकांना फेव्हिकॉलचा जाड थर द्या. मेणबत्ती वितळवून लावलीत तरी चालेल. ते करून या, मग पुढचं वाचा. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात भराभर उडतं. टोक आटतं, मधला भाग ओलाच असतो, म्हणून चीर पडते. थर दिलात की थोडी सवड मिळेल.

मी भोसरीत पॅटर्नमेकर होतो. ओतकामासाठी लाकडाचे साचे करणं हा माझा धंदा. ओतलेला धातू थंड होताना आटतो, म्हणून साचा तेवढा मोठा धरावा लागतो. बिडाला साधारण १ टक्का, ॲल्युमिनियमला १.३, पोलादाला २. त्यासाठी पट्टीच वेगळी असायची, मुळात वाढीव खुणांची. नवीन पोरगं कामावर आलं की चुकून ती पट्टी घेऊन घरची कपाटं मोजायचं, हा आमचा कायमचा विनोद.

लाकडाचं आटणं धातूपेक्षा खट्याळ, कारण ते दिशेगणिक बदलतं. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे थोडं. आणि घेराच्या दिशेनं त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे अख्खा गोल ओंडका वाळायला लागला की बाहेरचा घेर आवळत जातो, आत तेवढी जागा होत नाही, आणि तो सालीपासून गाभ्यापर्यंत उलतो. फेव्हिकॉलनं हे लांबतं, टळत नाही. टाळायचं तर ओंडका उभा फोडायचा आणि गाभा पूर्ण काढून टाकायचा. तुमच्या जाडीतून गाभा गेल्यावरही ६-७ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा सहज मिळेल, चाटूला तो पुरे.

फोडायचा म्हणालो, कापायचा नाही. लाकूड म्हणजे गवताची पेंढी. करवत काड्या जिथे तिरक्या तोडते, नेमका तिथेच पुढे दांडा मोडतो. कुऱ्हाडीचं पातं टोकावर गाभ्यातून आडवं ठेवा आणि मागून लाकडाच्या ठोकळ्यानं हाणा, लोखंडी हातोडी नको. आंब्याचे रेषे थोडे गुंतलेले असतात, सरळ फाटला नाही तर लाकडाचीच पाचर घाला. वाकडा फाटला तरी चालेल. तो वाकडेपणा दांड्यात आला तर चाटू जास्त मजबूत होतो, कारण रेषा तुटलेली नसते.

आणखी एक, जे व्हिडिओत सहसा सांगत नाहीत. फांदीचं लाकूड खोडासारखं नसतं. आडव्या फांदीचा भार वरच्या अंगानं तोललेला असतो, त्या बाजूचं लाकूड ताण धरून बसतं. वाळताना ते जास्त वाकतं आणि चाकूखाली त्याची लव उठते, कितीही घासा, गुळगुळीत होत नाही. ओंडक्याचं टोक बघा. गाभा मधोमध नसेल, तर गाभ्यापासून साल जिकडे लांब पडते ती बहुधा वरची बाजू. ते अर्ध नंतर सरावाला ठेवा.

आता माझं खरं म्हणणं. पळी आत्ता करूच नका. चाटू करा. पळीचा सगळा त्रास खोलग्याचा आहे. खोलग्यासाठी वाकडा चाकू लागतो, खोलग्याच्या दोन टोकांना रेषा आडव्या कापल्या जातात म्हणून तिथे चाकू अडतो, आणि खोलग्याचा तळ पातळ, मान जाड, त्यामुळे वाळताना तडा तिथेच जातो. चाटूला यातलं काहीच नाही. कुऱ्हाड आणि साधा चाकू, संपलं. शिवाय त्या व्हिडिओतले चमचे सूप आणि लापशी खायचे. आपण हातानं जेवणारी माणसं. आपल्या घरात लाकूड लागतं ते ढवळायला: पिठलं, उपमा, शिरा, लाडवाचं बेसन, गुळाचा पाक. हे सगळं चाटूचं काम. नॉनस्टिकला चरा पडत नाही हा वरचा फायदा.

माप इंटरनेटवरून घेऊ नका, तुमच्या कढईवरून घ्या. कढईच्या आत जाड पुठ्ठा उभा धरा, जिथे टेकतो तिथे कात्रीनं थोडं थोडं कापत जा, पुठ्ठ्याची कड कढईच्या गोलाईला नीट बसेपर्यंत. हा झाला तुमचा साचा. एका घरात दोन कढया असतील तर जिच्यात पिठलं होतं ती घ्या.

आता डाव्या हाताचं. बाहेर जाडसर तासलेला चाटू घ्या, खालची कड अजून सरळ आडवीच ठेवा. रिकाम्या कढईत तुम्ही जसा नेहमी धरता तसा डाव्या हातानं धरा, मुद्दाम सरळ करू नका. एक कोपरा टेकेल, दुसरा अधांतरी राहील. पेन्सिल एका चपट्या लाकडी तुकड्यावर ठेवून तो तुकडा कढईच्या तळावरून सरकवा, चाटूवर तळाला समांतर रेघ उमटेल. त्या रेघेपर्यंत कापा, मग पुठ्ठ्याची गोलाई द्या. किती अंशाचा तिरकेपणा हे विचारावंच लागत नाही, तुमचा हात सांगतो. बाजारातला चाटू कुणाच्याच हाताचा नसतो, तो फक्त उजव्यांना चालून जातो.

दांडा ३० सेंटिमीटरच्या आसपास, जाडी १२ ते १५ मिलिमीटर. पात्याची कड २-३ मिलिमीटर. ओलं असताना कड ५ ठेवा, शेवटचं तासणं वाळल्यावर. दांडा गोल करू नका, लंबगोल करा. गोल दांडा ओल्या हातात फिरतो.

कुऱ्हाड चालवताना खाली लाकडाचा जाड ठोकळा हवा, बाल्कनीच्या फरशीवर बसून नको. पातं कायम तुकडा धरलेल्या बोटांच्या खालच्या बाजूला पडलं पाहिजे. आपल्याकडचे जुने सुतार हे काम वाकसानं (आडव्या पात्याच्या तासणीनं) करायचे, तुकडा पायाच्या अंगठ्यानं धरून. बघायला सुरेख दिसतं, तुम्ही तिकडे जाऊ नका. चाकूनं तासताना मांडीवर कधीही नाही, आणि अंगठा पात्याच्या वाटेत नाही. लाकूड धारेखाली फाटायला लागलं की तुम्ही रेषेच्या उलट चालला आहात. जोर वाढवू नका, तुकडा फिरवा आणि दुसऱ्या टोकाकडून या.

धार. निम्मं काम हेच आहे. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवा, ४०० पासून २००० पर्यंत चढत जा, शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूला हिरवं पॉलिशिंग कंपाउंड घासून त्यावर पातं मागे ओढा. मनगटावरचे केस निघाले की झालं. दर अर्ध्या तासाला पुन्हा पट्टा. बोथट चाकूला जोर लागतो, आणि जोरानंच हात कापतो.

पुढे पळीचा मोह आवरला नाहीच, तर वाकड्या चाकूवर पैसे घालण्याआधी गोल पटाशी, म्हणजे पन्हळीसारख्या पात्याची, घ्या. बोहरी आळीत नवी मिळेल, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात कधीकधी जुनी, चांगल्या पोलादाची हाती लागते. मात्र धार बाहेरून लावलेली घ्या. आमच्या साच्याच्या पटाशांना आतून धार असते, ती सरळ नाळीला उत्तम, खोलग्यात मात्र रुतून बसते. विकणाऱ्याला हा फरक ठाऊक असेलच असं नाही, स्वतः बोट फिरवून बघा (हळू).

वाळवणं. ओला चाटू उन्हात नाही, पंख्याखाली नाही, गॅसजवळ तर नाहीच. त्याच्याच ढलप्यांत कागदी पिशवीत गुंडाळून कपाटाखाली सरकवा. प्लॅस्टिकमध्ये ठेवाल तर पावसाळी हवेत आंब्यावर निळीकाळी बुरशी येते, ती मग जात नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकदा वजन करून कागदावर लिहा. आकडा घसरायचा थांबला की वाळला. अंदाजपंचे बोटानं चाचपून काही कळत नाही.

उरलेले तुकडे फोडून, गाभा काढून, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका. महिन्यांनी काढलेत तरी ओले निघतील. घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

टेकडी_रोजची

साचेवाले काकांनी आंब्याबद्दल एक गोष्ट वगळली. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. कैरीच्या चिकानं ज्यांच्या अंगावर उठतं त्यांनी ओली साल काढताना हातमोजे घालावेत. वाळलेल्या लाकडाचा सहसा त्रास होत नाही.

हे खूळ एकदा लागलं की रस्त्यात पडलेली प्रत्येक फांदी पळीसारखी दिसायला लागते, म्हणून आत्ताच सांगते. अन्नात जाणाऱ्या वस्तूला कण्हेर नको, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी तर अजिबात नको, दोन्ही हृदयावर परिणाम करणारी विषं आहेत. चाफा आणि सातवीण त्याच कुळातले, चिकाचे, तेही सोडा. सातविणीच्या शाळेच्या पाट्या होत असत, पण पाटी कुणी आमटीत बुडवत नाही. सिल्व्हर ओकनं काहींच्या कातडीवर पुरळ येतं. आणि वेताळ टेकडीवर जिकडेतिकडे दिसणारं गुलाबी फुलांचं गिरिपुष्प: वनखात्यानं लावलेलं हे झाड मूळ मध्य अमेरिकेकडचं, तिकडे त्याची साल आणि बिया उंदीर मारायला वापरतात. लाकूड सरळसोट आणि कापायला छान आहे, म्हणूनच मोह होतो.

चांगल्यांत फणस, चिंच, जांभूळ, पेरू, शिवण, बाभूळ. पेरूची छाटणी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात होतच असते, लाकूड बारीक रेषेचं आणि चिवट, लहान चमच्यांना फार गोड. चिंच घट्ट, ओली असतानाच उरका. कडुलिंब चालतो, पण सुरुवातीला आमटीला कडवटपणा उतरतो आणि दोष फोडणीवर येतो. साग टिकतो, पण त्यातल्या सिलिकानं धार लवकर मरते.

शहरात झाड तोडायला, मोठ्या फांद्या छाटायलासुद्धा, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे. स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरीही. वादळात आपणहून पडलेल्या फांदीचं तुम्ही विचारून घेतलंत, ते बरोबर केलंत. टेकडीवरनं मात्र वाळकी काटकीही उचलू नका, जागा वनखात्याची आहे आणि त्या काटकीवर जगणारे किडे माझे शेजारी आहेत.

गुहागरकर

एवढं रामायण वाचून एक साधा प्रश्न पडला. पळीच हवी, आणि खोलगाच नडतोय, तर खोलगा आयता मिळतो की. नारळाच्या करवंटीत.

आमच्याकडे डवला असतो तो असाच. नारळ असा फोडायचा की डोळे एका अर्ध्यात जातील. बिनडोळ्यांचं अर्ध घ्यायचं, डोळ्यांचं गळतं. खोबरं खवून झालं की करवंटी एक दिवस पाण्यात ठेवा, आतली तांबडी साल सुटते. बाहेरच्या शेंड्या कोयत्यानं खरवडा, मग फुटक्या काचेच्या धारेनं तासा, शेवटी पॉलिश पेपर. काचेला काठाशी कापड गुंडाळा. काळीभोर चकाकते.

दांड्याला बांबू. पुण्यात बुरुड आळीत तुकडा मिळेल. जुना, पिकलेला, जाड सालीचा घ्या, हिरवा वाळल्यावर सैल होतो. काठापासून बोटभर खाली समोरासमोर दोन भोकं, एक मोठं, एक लहान. बांबूचं टोक निमुळतं करून मोठ्यातून आत घालायचं आणि लहानातून जरासं बाहेर काढायचं. ठोकून घट्ट बसतं, खिळा नको, गोंद नको. भोक पाडताना करवंटी ओली ठेवा आणि आतून लाकडाचा आधार द्या, नाहीतर चिरते.

डाव्या-उजव्याचा प्रश्नच नाही, दोन्ही बाजूंनी सारखा. फक्त तळायच्या तेलात बुडवू नका, सार, कढी, कुळथाचं पिठलं यांना.

मृणाल_सहकारनगर

सगळ्यांचे आभार, आणि उशिराबद्दल क्षमस्व. चाटू झाला! वजनकाट्याची युक्ती अफलातून, आकडा रोज घसरताना बघायची सवयच लागली. तडा नाही. दांडा किंचित डावीकडे वळलाय, पण मला तो तसाच बरा वाटतो. कढईच्या तळाला कड अख्खी टेकते, काल पिठलं खाली लागलं नाही.

दोन शंका. पॉलिश पेपरनं गुळगुळीत केला होता, पण पहिल्या धुण्यानंतर खरखरीत झाला. आणि तेलाचा निकाल अजून लागलेला नाही. सासूबाई वाट बघताहेत.

साचेवाला

वा. वळलेला दांडा म्हणजे त्या ताणलेल्या लाकडाचा थोडा भाग आलाय, आता तो जिथे थांबलाय तिथेच राहील.

खरखर होणारच होती. घासताना रेषांची टोकं दाबली जातात, पाणी लागलं की फुगून उभी राहतात. म्हणून तेलाआधीच मुद्दाम भिजवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि ४०० नंबरनं हलक्या हातानं घासायचा. दोनदा-तीनदा केलंत की उठायला काही उरत नाही. तुम्ही अजून तेल लावलेलं नाही, म्हणजे वेळ गेलेली नाही. धारदार चाकूनं शेवटचा हात मारलात आणि पेपर लावलाच नाहीत, तर ही भानगड बरीच कमी होते.

तेल. शेंगदाण्याचं सुकत नाही, लाकडात ओलं राहतं आणि खवट होतं, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि तेल फोडणीलाच ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातल्या बॉईल्ड लिनसीडमध्ये ते लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, दाराला ठीक, पिठल्याला नाही. पॉलिश गरम कढईत टिकत नाही, पोपडे निघतात. पण तुमच्या नवऱ्याची दिशा बरोबर आहे: तेल जवसाचंच, फक्त खायचं, लाकडी घाण्याचं. जवस हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, लाकडातच त्याचा पापुद्रा बनतो. घाई मात्र नको, थर सुकायला कित्येक दिवस जातात, पावसाळ्यात आणखी. पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी राहिलेलं सगळं पुसून काढा, पुन्हा लावा. जाड थर चिकट होऊन बसतो. घाई असेल तर खोबरेल लावा, ते सुकत नाही पण लवकर खवटही होत नाही. अधूनमधून पुन्हा लावावं लागेल एवढंच.

हळदीनं तो पिवळा होणार. धुऊन तासभर उन्हात ठेवलात की हळदीचा रंग बराच उडतो, वाळलेल्या लाकडाला तेवढं ऊन सोसतं. रात्रभर सिंकमध्ये भिजत टाकायचा नाही, हे घरातल्या बाकीच्यांना आधी सांगून ठेवा.

आणि जवसाच्या तेलानं पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून मग टाका.